अँड, बट, सो आणि कॉमा: इंग्रजी वाक्यात स्वल्पविराम कुठे द्यायचा, कुठे टाळायचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मराठी माध्यमातून शिकलेली मुलं इंग्रजीत अर्ज, ईमेल किंवा निबंध लिहितात, तेव्हा स्पेलिंग मोबाइल सुधारून देतो आणि काळही बहुतेक वेळा जमून जातो. घोळ होतो तो कॉमाचा. एका वाक्यात चार कॉमा, पुढचा अख्खा परिच्छेद कॉमाविना. याचं मूळ शाळेत कानावर पडलेल्या एका सल्ल्यात आहे: ‘वाचताना जिथे थांबावंसं वाटतं, तिथे कॉमा द्यायचा.’ हा सल्ला भाषण करणाऱ्याला ठीक आहे. लिहिणाऱ्याला तो फसवतो, कारण रावेरचा माणूस जिथे थांबेल तिथेच लंडनचा माणूस थांबेल असं काही नाही.

दुसरं कारण जरा जुनं आहे. जुन्या मराठी पोथ्यांत दंडापलीकडे विरामचिन्हं जवळजवळ नव्हती. 19व्या शतकात छपाई आली आणि इंग्रजीच्या वळणाने स्वल्पविराम, अर्धविराम मराठीत रुजले. त्या कामात मेजर थॉमस कँडी यांचं नाव घेतलं जातं. चिन्हं आपण इंग्रजीतून घेतली, वापर मात्र आपल्या सोयीने सैल ठेवला. मराठीत तो सैलपणा खपतो. तोच इंग्रजी लिहिताना परत नेला, की वाक्य बिघडतं.

इंग्रजीत कॉमा वाक्याच्या बांधणीवर ठरतो. वाक्यं जोडणारा शब्द दिसला, की त्या शब्दाकडे बघत बसू नका; त्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला काय आहे ते बघा. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे हे बघायचं कसं, याचाच तपशील आहे. इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. सराव करताना ती वहीत रोमन लिपीत उतरवून घ्या, म्हणजे हाताला वळण पडेल.

पहिली पायरी: जोडणारा शब्द कोणत्या गटातला?

मराठी व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक असे दोन गट आपण शिकलेलो असतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना तर ते पाठच असतात. इंग्रजीतही हेच दोन गट आहेत.

प्रधानत्वसूचक फक्त सात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. यांची इंग्रजी आद्याक्षरं याच क्रमाने जोडली की ‘फॅनबॉइज’ असा शब्द होतो. जगभर शाळांतून तो याच कामासाठी पाठ करून घेतात, तुम्हीही करा.

गौणत्वसूचक पुष्कळ आहेत: बिकॉज, इफ, व्हेन, ऑल्दो, सिन्स, व्हाइल, अनलेस, अनटिल, आफ्टर, बिफोर वगैरे.

तिसरा गट दिसायला जोडशब्दांसारखा, पण खरं तर क्रियाविशेषणांचा: हाउएव्हर, देअरफोर, मोअरओव्हर, अदरवाइज. सर्वात जास्त चुका इथेच होतात. त्याच्याकडे नंतर येऊ.

दुसरी पायरी: सातांपैकी एक असेल, तर दोन्ही बाजू तपासा

जोडशब्दावर बोट ठेवून तो झाका. डावीकडचा तुकडा एकटा वाक्य म्हणून उभा राहतो का? उजवीकडचा राहतो का? दोन्ही राहत असतील, म्हणजे दोघांनाही स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं क्रियापद असेल, तर जोडशब्दाच्या आधी कॉमा. एक जरी लंगडा पडला, तर कॉमा नाही.

1936 साली काँग्रेसचं अधिवेशन आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं होतं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. हीच माहिती दोन वाक्यांत लिहून बघू.

‘द काँग्रेस मेट ॲट फैजपूर इन 1936, अँड नेहरू वॉज द प्रेसिडेंट.’

इथे डावीकडे ‘द काँग्रेस मेट’, उजवीकडे ‘नेहरू वॉज’. दोन कर्ते, दोन क्रियापदं. ‘अँड’च्या आधी कॉमा हवाच.

‘नेहरू केम टू फैजपूर इन 1936 अँड प्रिसायडेड ओव्हर द सेशन.’

इथे ‘अँड’ झाकला की उजवीकडे उरतं ‘प्रिसायडेड ओव्हर द सेशन’. कोणी? कर्ता नाही. तो डावीकडच्या नेहरूंवरच अवलंबून आहे. म्हणून कॉमा नाही.

आपल्या लोकांचा पाय घसरतो तो नेमका इथे, कारण मराठीत कर्ता गाळला तरी क्रियापदाच्या रूपावरून माणूस कळतो. ‘मी भुसावळला उतरलो, रिक्षा केली आणि घरी गेलो’ यात ‘मी’ एकदाच येतो, तरी डोक्यात तीन पूर्ण वाक्यं असतात. तेच डोकं इंग्रजी लिहितं: ‘आय गॉट डाऊन ॲट भुसावळ, अँड टुक अ रिक्षा.’ दुसरा ‘आय’ कागदावर नाही, म्हणून हा कॉमा चूक. डोक्यातला कर्ता धरायचा नाही, कागदावरचाच धरायचा. ‘आय गॉट डाऊन ॲट भुसावळ, अँड आय टुक अ रिक्षा’ असं लिहिलंत तर कॉमा बरोबर.

अपवाद एकच, आज्ञार्थी वाक्याचा. ‘कट द बंचेस इन द मॉर्निंग, अँड लोड द ट्रक बिफोर नून.’ यात ‘यू’ लिहिलेला नसला तरी इंग्रजी व्याकरण तो धरून चालतं. दोन्ही आज्ञा पूर्ण वाक्यं ठरतात आणि कॉमा चालतो.

वाक्यं अगदी आखूड असतील तर कॉमा सोडला तरी कोणी हरकत घेत नाही: ‘ही कॉल्ड अँड आय केम.’ परीक्षेच्या पेपरात मात्र असली सवलत घेऊ नये, असं माझं मत. तपासणारा कोणत्या मताचा आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

‘नॉर’च्या बाबतीत एक वेगळं घडतं. त्याच्यानंतर क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: ‘ही डिड नॉट कॉल, नॉर डिड ही सेंड अ मेसेज.’ रचना उलटी असली तरी वाक्य पूर्ण आहे, म्हणून कॉमा आहे. कारण सांगणारा ‘फॉर’ आज बोलण्यात जवळजवळ नाही, तो पुस्तकी झाला आहे. अर्जात ‘बिकॉज’ लिहा आणि मोकळे व्हा.

‘सो’साठी जरा थांबा

सातांमध्ये सर्वात लबाड ‘सो’. त्याचे दोन अर्थ आहेत आणि कॉमा अर्थावर ठरतो.

‘द कॅनाल वॉज ड्राय, सो वी बॉट अ टँकर.’ इथे ‘सो’ म्हणजे त्यामुळे, म्हणून. परिणाम सांगितला आहे. कॉमा हवा.

‘वी बॉट अ टँकर सो द यंग प्लांट्स वुड सर्व्हाइव्ह.’ इथे ‘सो’ म्हणजे जगावीत म्हणून, त्यासाठी. हेतू सांगितला आहे. कॉमा नको.

ओळखायची रीत सोपी आहे. ‘सो’च्या पुढे मनात ‘दॅट’ घालून बघा. ‘सो दॅट द यंग प्लांट्स वुड सर्व्हाइव्ह’ नीट बसतं, म्हणजे तो हेतूचा ‘सो’. पहिल्या वाक्यात ‘सो दॅट वी बॉट अ टँकर’ म्हटलं तर टँकर घेता यावा म्हणून कालवा आटला, असा वेडावाकडा अर्थ निघतो. मराठीत ‘म्हणून’ हा एकच शब्द दोन्ही कामं करतो, त्यामुळे आपल्याला हा फरक सहजी जाणवत नाही. दहा-बारा वाक्यं तपासली की हात बसतो.

तिसरी पायरी: जोडशब्दाच्या नंतरचा कॉमा खोडा

‘बट, द रेट वॉज लो.’ ‘अँड, वी वेंट होम.’ ‘ही सेड दॅट, द ट्रक इज रेडी.’ हे तिन्ही कॉमा चूक आहेत. मराठीत ‘तो म्हणाला की,’ असं लिहायची आपली जुनी सवय आहे, ‘पण,’ नंतरही हात आपोआप थांबतो. इंग्रजीत कॉमा लागलाच तर जोडशब्दाच्या आधी लागतो. ‘दॅट’ला तर बहुधा आधीही नको, नंतरही नको: ‘ही सेड दॅट द ट्रक इज रेडी.’

जोडशब्दानंतर कॉमा कधी येतो? मध्येच एखादी टिप्पणी घुसवली असेल तर, आणि तेव्हा ती दोन्ही बाजूंनी कॉमात बंद होते: ‘बट, टू बी ऑनेस्ट, द रेट वॉज लो.’ त्या जोडीतला एकच कॉमा देऊन दुसरा विसरणं ही चूक इतकी सर्रास आहे, की छापील जाहिरातींतही सापडते.

चौथी पायरी: गौणत्वसूचक असेल, तर तो वाक्यात कुठे बसलाय ते बघा

इथे नियम जागेचा आहे. गौण वाक्य आधी आलं तर ते संपतं तिथे कॉमा. नंतर आलं तर सहसा कॉमा नाही.

‘व्हेन द रेन्स केम, वी सोड कॉटन.’
‘वी सोड कॉटन व्हेन द रेन्स केम.’

इफ, अनलेस, आफ्टर, बिफोर, अनटिल हे सगळे याच चालीने जातात. यावर जास्त वेळ घालवायची गरज नाही. खरी मेख तीन ठिकाणी आहे.

पहिली, ‘बिकॉज’च्या आधी नकार आला तर. ‘आय डिड नॉट सेल द कॉटन बिकॉज द रेट वॉज लो.’ याचे दोन अर्थ होतात. एक, भाव पडला होता म्हणून कापूस विकला नाही. दोन, कापूस विकला, पण भाव पडला म्हणून नव्हे. घरात लग्न होतं, पैसे हवे होते. ‘बिकॉज’च्या आधी कॉमा दिला की पहिला अर्थ पक्का होतो. त्याहून चांगलं म्हणजे वाक्यच फिरवायचं: ‘बिकॉज द रेट वॉज लो, आय डिड नॉट सेल द कॉटन.’ आता शंकेला जागाच नाही.

दुसरी, ‘ऑल्दो’ आणि विरोध दाखवणारा ‘व्हाइल’. हे शेवटी आले तरी त्यांच्या आधी कॉमा देतात, कारण त्यांच्यामागे विरोधाचा झटका असतो. ‘द बस लेफ्ट अमळनेर ऑन टाइम, ऑल्दो इट वॉज रेनिंग.’ ‘धुळे स्टँड्स ऑन द पांझरा, व्हाइल भुसावळ इज निअर द तापी.’ हाच ‘व्हाइल’ वेळ सांगत असेल तर कॉमा जातो: ‘ही स्लेप्ट व्हाइल द ट्रेन क्रॉस्ड द तापी.’ कॉमा दिला असता तर गाडीने तापी ओलांडली आणि हा पठ्ठ्या मात्र झोपला, असा टोमणा निघाला असता.

तिसरी मेख आपली खास मराठी आहे. ‘जरी भाव कमी असला तरी आम्ही विकू.’ ‘जर पाऊस आला तर थांबू.’ आपल्याकडे जोडशब्द जोडीने येतात. ती जोडी इंग्रजीत नेली की तयार होतं: ‘ऑल्दो द रेट इज लो, बट वी वुइल सेल.’ इंग्रजीला एकच पुरतो. एक तर ‘ऑल्दो द रेट इज लो, वी वुइल सेल’ किंवा ‘द रेट इज लो, बट वी वुइल सेल.’ म्हणजे तुमच्या ‘तरी’चं काम इथे कॉमाने करायचं. ‘बिकॉज’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘सो’ घालणं ही याच जातीची चूक. ‘इफ’बरोबर ‘देन’ चालतो, पण पुष्कळदा तो नसलेलाच बरा.

आता दोन्ही गट एकापाठोपाठ आले तर? ‘वी वुइल कट ऑन मंडे, बट इफ इट रेन्स, वी वुइल वेट.’ ‘बट’च्या आधी कॉमा, ‘रेन्स’नंतर कॉमा, ‘बट’ आणि ‘इफ’च्या मध्ये काही नको.

पाचवी पायरी: हाउएव्हर, देअरफोर यांना जोडशब्द समजू नका

‘द ट्रेन वॉज लेट, हाउएव्हर वी गॉट द कनेक्शन ॲट भुसावळ.’ असं वाक्य रोज दिसतं आणि ते चूक आहे. ‘हाउएव्हर’ला दोन पूर्ण वाक्यं धरून ठेवायची ताकद नाही. त्याच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम द्या, नंतर कॉमा द्या: ‘द ट्रेन वॉज लेट; हाउएव्हर, वी गॉट द कनेक्शन ॲट भुसावळ.’ देअरफोर, मोअरओव्हर, अदरवाइज यांनाही हेच.

तो खरा जोडशब्द नाही, हे ताडायचं असेल तर त्याला जागेवरून हलवून बघा. ‘द रेट, हाउएव्हर, डिड नॉट चेंज.’ वाक्याच्या पोटातही तो खुशाल बसतो. ‘बट’ला असं करता येत नाही.

जोडशब्दच न घालता, नुसत्या कॉमावर दोन पूर्ण वाक्यं टांगणं ही याची सख्खी बहीण: ‘द बस केम लेट, वी वेटेड ॲट पारोळा.’ मराठीत ‘गाडी उशिरा आली, आम्ही पारोळ्याला थांबलो’ हे अगदी झकास वाक्य आहे. इंग्रजीत याला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात आणि परीक्षक त्यावर हमखास लाल रेघ मारतो. दुरुस्ती तीन तऱ्हेने होते: कॉमानंतर ‘सो’ घाला, कॉमाच्या जागी अर्धविराम द्या, किंवा पूर्णविराम देऊन दोन वाक्यं करा. अर्जात पूर्णविराम सर्वात सुरक्षित.

यादीतला शेवटचा ‘अँड’

तीन किंवा जास्त गोष्टींच्या यादीत शेवटच्या ‘अँड’च्या आधी कॉमा द्यायचा की नाही, यावर इंग्रजीवालेच भांडतात. ऑक्सफर्डच्या छापखान्याच्या शैलीत तो देतात, म्हणून त्याचं नाव ऑक्सफर्ड कॉमा. वर्तमानपत्रं बहुधा देत नाहीत, आपल्या शाळांतही तो सहसा शिकवत नाहीत. दोन्ही पद्धती बरोबर. एका लेखनात एकच पाळा.

पण न देण्याची पद्धत पाळत असलात, तरी घोटाळा होत असेल तिथे तो द्यावाच लागतो. खानावळीची पाटी लिहायची आहे: ‘वी सर्व्ह शेवभाजी, भरीत अँड पुरी अँड पिठलं अँड भाकरी.’ आपल्याला माहीत आहे की भरीत-पुरी हे एक ताट आणि पिठलं-भाकरी हे दुसरं. अजिंठा बघायला निघालेल्या परदेशी पाहुण्याला ते कसं कळावं? ‘वी सर्व्ह शेवभाजी, भरीत अँड पुरी, अँड पिठलं अँड भाकरी.’ आता ताटं वेगळी झाली.

अमेरिकेत याच कॉमापायी एक डेअरी गोत्यात आली होती. मेन राज्याच्या कायद्यात नाशवंत माल वगैरेंवरची काही कामं ओव्हरटाइमच्या नियमातून वगळली होती. त्या यादीचा शेवट ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असा, ‘ऑर’च्या आधी कॉमा नाही. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, याचा अर्थ पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी केलेलं पॅकिंग. आम्ही पॅकिंग करतच नाही, माल पोचवतो, म्हणून आम्हाला ओव्हरटाइम द्या. 2017 साली अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध असल्याचं मान्य करून ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला. 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

यादीत दोनच गोष्टी असतील तर वादच नाही, ‘बनाना अँड कॉटन’मध्ये कॉमा येत नाही. ‘आयदर-ऑर’, ‘नायदर-नॉर’, ‘नॉट ओन्ली-बट ऑल्सो’ या जोड्यांतही शब्द किंवा तुकडे जोडले असतील तर कॉमा लागत नाही. पूर्ण वाक्यं जोडली असतील तर दुसऱ्या पायरीचा नियम परत लागू: ‘आयदर यू पे टुडे, ऑर वी कॅन्सल द ट्रक.’

एक पत्र हातात घेऊन बघू

समजा, सावद्याचा एक तरुण केळी उत्पादक बाहेरच्या व्यापाऱ्याला ईमेल करतो आहे. मसुदा असा:

‘आय ॲम अ बनाना ग्रोअर फ्रॉम सावदा अँड आय हॅव टेन एकर्स. अवर फ्रूट इज रेडी बट, द रोड टू द फार्म इज अंडर रिपेअर सो ओन्ली स्मॉल ट्रक्स कॅन कम. ऑल्दो द रेट इज लो बट वी वुइल नॉट वेट. वी कॅन कट ऑन मंडे, प्लीज सेंड युवर मॅन. वी वुइल पॅक इन बॉक्सेस, सो द फ्रूट डझ नॉट गेट ब्रूज्ड.’

पहिल्या वाक्यात ‘अँड’च्या पुढे ‘आय’ पुन्हा आला आहे, म्हणून आधी कॉमा. नाही तर ‘आय ग्रो बनानाज इन सावदा अँड हॅव टेन एकर्स’ असं आटोपशीर करा. कॉमाची गरजच संपते आणि वाक्यही हलकं होतं.

दुसऱ्यात ‘बट’नंतरचा कॉमा उचलून ‘बट’च्या आधी ठेवा. ‘सो’ परिणामाचा आहे, रस्ता खराब म्हणून लहान गाड्या. त्याच्या आधीही कॉमा: ‘अवर फ्रूट इज रेडी, बट द रोड टू द फार्म इज अंडर रिपेअर, सो ओन्ली स्मॉल ट्रक्स कॅन कम.’ व्याकरणाने हे बरोबर आहे, पण एका वाक्यात तीन वाक्यं होतात. मी असतो तर ‘रेडी’पाशी पूर्णविराम दिला असता आणि ‘बट’ काढून टाकला असता. व्यापाऱ्याला माल तयार आहे हे पहिल्यांदा कळू द्यावं, अडचण मागाहून.

तिसऱ्यातला ‘बट’ काढा, त्याच्या जागी कॉमा: ‘ऑल्दो द रेट इज लो, वी वुइल नॉट वेट.’ (भाव कमी असला तरी आम्ही थांबणार नाही, हे समोरच्याला लेखी सांगावं का, हा व्याकरणाबाहेरचा प्रश्न. माझं उत्तर, सांगू नये.)

चौथ्यात कॉमा स्प्लाइस आहे. ‘वी कॅन कट ऑन मंडे, सो प्लीज सेंड युवर मॅन’ असं केलं की झालं.

पाचव्यात ‘सो’च्या पुढे ‘दॅट’ घालून बघा. फळाला डाग पडू नये यासाठी खोक्यांत भरणार, म्हणजे हेतू. कॉमा खोडा, आणि व्यापारी पत्र आहे म्हणून ‘दॅट’ही लिहूनच टाका: ‘वी वुइल पॅक इन बॉक्सेस सो दॅट द फ्रूट डझ नॉट गेट ब्रूज्ड.’